कन्सोल घ्यायचा की पीसी? आधी घरचं गणित मांडा

दोस्तहो, परीक्षा संपल्या की कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. रेसिंगचे गेम खेळायचे तर कन्सोल घ्यावा की पीसी? एक गट म्हणतो, टीव्हीला वायर जोडली, कंट्रोलर हातात घेतला, झालं काम. दुसरा गट म्हणतो, पीसीची मजा कन्सोलला नाही. मग ग्राफिक्स कार्डांचे नंबर निघतात, फ्रेम्सचे आकडे निघतात, यूट्यूबवरच्या कुणाचं तरी मत निघतं आणि समोरचा चहा थंड होऊन जातो.

या वादात एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. यूट्यूबवर मत देणारा तो पोरगा जिथं बसलाय तिथं एसी आहे, फायबरचं नेट आहे आणि लाइट सहसा जात नाही. तुम्ही बसलाय सेलूत, जिंतुरात, पाथरीत, गंगाखेडात, पूर्णेत. नाहीतर परभणीत वसमत रोडला भाड्याच्या खोलीत. त्याचं उत्तर तेच तुमचं उत्तर असेल, असं नाही. म्हणून आज हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात बसून सोडवूया.

गेम खेळणं चांगलं की वाईट, हे प्रवचन आज नाही. तुम्हाला खेळायचंय, हे धरूनच चालू. प्रश्न एवढाच आहे, की घरातले पन्नास-साठ हजार रुपये लावायचे तर कशावर लावायचे. आणि ही रक्कम लहान नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

हाताला लागलं ते खेळलो

तुमच्या आधीच्या पिढीपुढे हा प्रश्न नव्हताच. नव्वदच्या दशकात ज्या घरात रंगीत टीव्ही होता, त्यातल्या काहींत 'सामुराई'सारखा टीव्ही गेम आला. जपानी कन्सोलची ती स्वस्त नक्कल. एका कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचा दावा आणि प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा. त्यात 'रोड फायटर' असायचाच. लाल गाडी, सरळ रस्ता आणि संपत येणारं पेट्रोल. त्यानंतर कॉम्प्युटर क्लास आणि सायबर कॅफेचा जमाना आला. 'रोड रॅश' मूळचा सेगाच्या कन्सोलवरचा, १९९१ चा गेम. पण १९९६ मध्ये तो पीसीवर आला आणि आपल्याकडं पोरांनी ओळखला तो पीसीवरचाच. 'नीड फॉर स्पीड'चंही तसंच. पहिला गेम १९९४ मध्ये 'थ्रीडीओ' नावाच्या कन्सोलवर निघाला. आपल्या गावांत मात्र ही मालिका पोचली ती पीसीच्या सीडीवरून, आणि २००५ चा 'मोस्ट वॉन्टेड' तर अजूनही कुठल्या ना कुठल्या जुन्या पीसीवर सापडतो.

दुसरीकडं १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर 'ग्रॅन टुरिस्मो' आला आणि गाडी चालवल्यासारखी वाटणं म्हणजे काय, हे त्यानं घरोघर दाखवलं. पण ती घरं बहुतेक महानगरांतली. जिल्ह्याच्या ठिकाणी प्लेस्टेशन म्हणजे कुणाच्या तरी मामानं बाहेरून आणलेली वस्तू.

म्हणजे आधीचे लोक जे हाताला लागलं ते खेळले. निवड करायची वेळ आली आहे ती तुमच्यावर. म्हणून ती नीट करायला हवी.

वेगाचं गणित

आधी निव्वळ खेळापुरतं बोलू. रेसिंगमध्ये फ्रेम रेटला एवढं महत्त्व का, ते एका साध्या हिशेबात कळतं. गाडी ताशी २०० किलोमीटरनं पळत असेल, तर ती सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. स्क्रीनवर सेकंदाला ३० चित्रं येत असतील, तर दोन चित्रांच्या मध्ये गाडी जवळपास १.८५ मीटर पुढं सरकलेली असते. ६० चित्रं असतील तर ०.९३ मीटर. १४४ असतील तर चाळीस सेंटिमीटरपेक्षाही कमी. वळणावर ब्रेक कधी दाबायचा, हे तुम्ही त्या चित्रांवरून ठरवता. चित्रं विरळ आली, की डोळा आणि बोट यांचा मेळ बिघडतो.

आता आजचे कन्सोल रेसिंगचे बहुतेक मोठे गेम ६० फ्रेम्सवर चालवतात, आणि गेम बनवणाऱ्यांनी ते त्याच मशिनवर तपासून दिलेलं असतं. तुम्हाला सेटिंगमध्ये डोकं घालावं लागत नाही. पीसीवर १४४ चा आकडा मिळू शकतो, पण त्यासाठी कार्डही तसं लागतं आणि मॉनिटरही तसा लागतो. जुन्या ऑफिस पीसीवर नवा गेम टाकला तर ३० देखील धड मिळत नाहीत. तेव्हा स्पष्टच सांगायचं, तर तयार मिळणारा कन्सोल जे चित्र दाखवतो, तेच चित्र नव्या पीसीवर हवं असेल तर त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. पीसीवाल्या दोस्तांना हे आवडणार नाही, पण हे खरं आहे.

स्टेअरिंग व्हीलचं गणित मात्र उलटं आहे. खरं रेसिंग शिकायचं तर कधी ना कधी व्हील आणि पेडल लागतातच. पुढची चाकं रस्त्यावरची पकड सोडायला लागली, की चांगलं व्हील हातात हलकं पडतं. ही जाणीव कंट्रोलरच्या थरथरीत येत नाही. पण व्हील घेताना गोम आहे. लॉजिटेकचं जी-२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही. जी-९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर चालतं, प्लेस्टेशनवर नाही. पीसी दोघांनाही घेतो. उद्या कन्सोल बदलला तर व्हीलही बदलायची पाळी येऊ शकते.

गेमांचंही तसंच वाटप झालेलं आहे. 'ग्रॅन टुरिस्मो ७' फक्त प्लेस्टेशनवर आहे. 'आयरेसिंग' फक्त पीसीवर आहे. 'फोर्झा होरायझन ५' २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशनवरही आला. तेव्हा 'कुठलं मशिन भारी' याआधी 'मला नेमका कुठला गेम खेळायचाय' हे ठरवा. अर्धा वाद तिथंच मिटतो.

एक गेम म्हणजे किती सोयाबीन?

आता पैशाकडं वळू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या स्लिम मॉडेलची ५४,९९०. सोनीचे नवे गेम निघाले की त्यांची किंमत ४,९९९ रुपयांच्या घरात असते.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एक कन्सोल झाला सव्वादहा क्विंटल सोयाबीन. आणि एक नवा गेम झाला जवळपास एक क्विंटल. हमीभाव हा झाला कागदावरचा भाव. ओलाव्याचं कारण सांगून आडतीवर हातात काय पडतं, ते घरी वडिलांना किंवा काकांना विचारा. मग हा हिशेब आणखी जड होईल.

हे तुम्हाला लाजवायला सांगत नाही. खेळावर खर्च करण्यात गैर काही नाही. पण कन्सोलची किंमत म्हणजे खोक्यावरची किंमत, असं समजून बरेच जण फसतात. चार वर्षांत पाच गेम घेतले तरी पंचवीस हजारांच्या आसपास जातात. मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर प्लेस्टेशन प्लसची किंवा एक्सबॉक्सच्या गेम पासची वर्गणी वेगळी. पीसीवर बहुतेक गेमना ऑनलाइन खेळायची अशी वेगळी वर्गणी नसते, आणि जुने चांगले गेम सेलमध्ये पार खाली येतात. कन्सोल आधी स्वस्त वाटतो आणि मग हळूहळू खिसा कापतो. पीसी एकदाच मोठा चावा घेतो.

कन्सोलवाल्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. डिस्कवरचा गेम खेळून झाला की विकता येतो, मित्राशी बदलता येतो. चार मित्रांनी एकेक डिस्क घेतली तर चौघांचे चार गेम होतात. पीसीवर विकत घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटतो, तो असा विकता येत नाही. म्हणून कन्सोल घ्यायचाच असेल तर डिस्कचं मॉडेल घ्या. थोडे पैसे वाचवायला डिजिटल मॉडेल घेणं महागात पडतं.

लाइट, ऊन आणि नेट

आता ज्या गोष्टी यूट्यूबवर कुणी सांगत नाही, त्या. पहिली गोष्ट ऊन. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात सोनीनं लिहिलंय की मशिन ५ ते ३५ अंश तापमानात वापरा. परभणीचा एप्रिल-मे आठवा. बाहेर पारा चाळिशीपार आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. कन्सोल लगेच बंद पडेल असं नाही, पण पंखा किंचाळायला लागतो आणि आतला गरम वारा कोंडतो. पीसीलाही उष्णता बाधतेच. फरक एवढा की पीसीचं झाकण स्क्रू काढून उघडता येतं, धूळ उडवता येते, दीडशे-दोनशेचा पंखा जास्तीचा बसवता येतो. पीसीचा एसएमपीएस जळला तर बदलून देणारा आपल्या बाजारात सापडतो. कन्सोलचा बोर्ड गेला तर तो बहुतेक वेळा मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि तोवर टीव्ही मोकळा.

दुसरी गोष्ट लाइट. रेस मध्यावर आहे आणि लाइट गेली, एवढंच नुकसान असतं तर चाललं असतं. गेम सेव्ह होत असताना किंवा अपडेट चालू असताना वीज तुटली तर साठवलेला डेटा खराब होऊ शकतो. लाइट परत येते तेव्हा व्होल्टेज उसळतं, तो धोका वेगळाच. म्हणून कन्सोल असो की पीसी, यूपीएस हा खर्चात धराच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार झेलतो. प्लेस्टेशन ५ खेळताना सुमारे २०० वॅट ओढतो, वर टीव्ही. तेवढ्यात काही मिनिटं मिळतात आणि मशिन नीट बंद करता येतं. बिलाचं म्हणाल तर २०० वॅटचं मशिन रोज दोन तास चाललं तर महिन्याला १२ युनिट होतात. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी असेल तर त्याच्या दीड-दोन पट धरा. गेमिंग लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळं लाइट गेली तरी तो झटक्यात बंद पडत नाही. खोली बदलत राहणाऱ्यांना तो सोयीचा. पण तो तापतोही लवकर आणि पुढं त्याचं कार्ड बदलता येत नाही.

तिसरी गोष्ट नेट. 'ग्रॅन टुरिस्मो ७' किंवा 'फोर्झा होरायझन ५' यांचा आकार १०० जीबीच्या वर जातो. तुमच्या मोबाइलला रोज २ जीबी मिळत असतील आणि दुसरं काहीही न बघता ते सगळे गेमला दिले, तरी पन्नास दिवस लागतील. गावात फायबर आलंय का, याचं उत्तर 'नाही' असेल तर निम्मी चर्चा तिथंच संपते. डिस्क असली तरी अपडेट उतरवावे लागतातच. त्यातही 'ग्रॅन टुरिस्मो ७'चा बहुतेक भाग नेटशिवाय उघडतच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले, तेव्हा जगभरातल्या लोकांनी विकत घेतलेला गेम हातात असून त्यांना तो धड खेळता आला नाही.

विकत घेतला, पण आपला झाला का?

याहून वाईट उदाहरण 'द क्रू'चं. युबीसॉफ्टनं २०१४ मध्ये काढलेला हा रेसिंग गेम. अख्खी अमेरिका फिरता येते म्हणून लोकांनी तो घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचा, त्यामुळं डिस्क जवळ असूनही गेम मेला. हे पीसीवरही झालं आणि कन्सोलवरही. यातून शिकायचं ते हे, की पैसे मोजण्याआधी 'नेट नसताना हा चालतो का' हे बघा.

त्याच २०१४ मधला दुसरा गेम बघा. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या स्टुडिओचा 'असेटो कोर्सा'. तो आजही पीसीवर जोरात चालू आहे. कारण लोकांनी त्यात स्वतः बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक घातले. कंपनीनं पुढचा गेम काढला तरी जुना मेला नाही. शिवाय तो जुन्या, मध्यम ताकदीच्या पीसीवर चालतो आणि एकट्यानं खेळायला नेट लागत नाही. आपल्या परिस्थितीला हा जास्त मानवतो.

रेसिंगमधून करिअर?

घरी पटवताना तुम्ही हा मुद्दा काढता, म्हणून त्यावरही बोलू. गेममधून खऱ्या ट्रॅकवर गेलेले लोक आहेत. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये सोनी आणि निसानची 'जीटी अकॅडमी' जिंकला, तो प्लेस्टेशनवर खेळून. दोनच वर्षांनी ल मां या २४ तासांच्या शर्यतीत तो आपल्या गटात तिसरा आला. अमेरिकेचा विल्यम बायरन घरच्या कॉम्प्युटरवर 'आयरेसिंग' खेळत शिकला आणि पुढं २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा 'डेटोना ५००' जिंकला. एक कन्सोलवाला, एक पीसीवाला. म्हणजे मशिननं कुणाला अडवलं नाही.

भारतात २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला क्रीडा विभागाच्या कक्षेत आणलं. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेसाठी जाहीर झालेल्या ई-स्पोर्ट्सच्या यादीत 'ग्रॅन टुरिस्मो ७' आहे. ज्याला खरोखर त्या वाटेनं जायचंय, त्याच्यासाठी प्लेस्टेशन हेच उत्तर आहे आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. पण ती वाट किती अरुंद आहे, हेही सांगायला हवं. देशातून जाणारे थोडे. त्यासाठी रोजचा सराव, चांगलं व्हील आणि न तुटणारं नेट लागतं. आणि एक सावधगिरी. ई-स्पोर्ट्स वेगळं आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावायच्या गेमांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. 'रेस लावा, पैसे जिंका' असं सांगणारं ॲप दिसलं तर ते ई-स्पोर्ट्स नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

गेम खेळण्यापेक्षा गेम बनवण्याची वाट मात्र बरीच रुंद आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातूनच जाते. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आला, मग पीसी आणि इतर कन्सोलवर. 'इंडस' बनवणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. युबीसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात आहे. आता गंमत बघा. गेम कन्सोलसाठी असला तरी तो बनतो पीसीवर. त्यातली गाडी, रस्ता, झाडं, प्रोग्रॅम सगळं पीसीवर लिहिलं जातं.

कॉम्प्युटर सायन्सला असाल तर 'टॉर्क्स' किंवा 'स्पीड ड्रीम्स' नावाचे फुकट रेसिंग गेम उतरवून बघा. जुन्या पीसीवरही चालतात आणि त्यांचा सगळा कोड उघडा आहे. 'टॉर्क्स'मध्ये तर सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा ड्रायव्हर लिहिता येतो. तुम्ही लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्यानं लिहिलेल्या ड्रायव्हरशी शर्यत लावतो. जगभरच्या संशोधकांनी याच गेमवर अशा स्पर्धा भरवल्या आहेत. चौघा मित्रांनी आपापला ड्रायव्हर लिहून लॅबमध्ये शर्यत लावली, तर एका सेमिस्टरमध्ये जे डोक्यात शिरलं नाही ते पंधरा दिवसांत शिरेल.

आणि हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही. आपल्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना ट्रॅक्टरच्या चाकाची घसर शिकवतात. काळ्या मातीत चाक थोडं घसरतं तेव्हाच नांगराला पूर्ण ओढ मिळते. फार घसरलं की डिझेल जातं आणि ओढही जाते. रेसिंगच्या टायरचं तत्त्व हेच आहे. गेममध्ये टायरची घसर आणि वेग यांचे आकडे नोंदवता येतात. ते एक्सेलमध्ये मांडून आलेख काढला, की पुस्तकातली आकृती हलायला लागते.

घरात खेळणार कोण?

अजून एक प्रश्न कट्ट्यावर कधी निघत नाही. मशिन घरात आलं तर खेळणार कोण? पीसी बहुतेक घरांत थोरल्या मुलाच्या खोलीत जातो आणि दार लागतं. धाकटी बहीण 'मला पण एकदा' म्हणते आणि तिला उत्तर मिळतं, 'तुला काय कळतंय त्यातलं.' ती हुशार असते, तिलाही ते कळलं असतं, पण तिचा नंबर येत नाही. कन्सोल टीव्हीला लागतो आणि टीव्ही बैठकीत असतो. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये दोघांना एकाच स्क्रीनवर शेजारी बसून खेळता येतं. आजीच्या मालिकेची वेळ सांभाळावी लागते हे खरं, पण सगळ्यांसमोर खेळलं की तासांचाही हिशेब राहतो. चुलत भावंडं जमली की कन्सोलची मजा पीसीला येत नाही. हा कन्सोलच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. पीसी घेतलात तर त्यावर बहिणीचंही अकाउंट उघडा, तिच्याही वेळा ठरवा. पैसे घरचे आहेत, एकट्या मुलाचे नाहीत.

आमचं मत

संपादकीय लिहायचं आणि मत द्यायचं नाही, असं होत नाही. तर ऐका.

घरात अजून एकही कॉम्प्युटर नाही आणि एकदाच काय ते घ्यायचंय, तर डेस्कटॉप पीसी घ्या. त्यावर प्रोजेक्ट होईल, बहिणीचे फॉर्म भरले जातील, वडिलांचा सातबारा निघेल आणि 'असेटो कोर्सा'ही चालेल. बजेट कमी असेल तर वापरलेला ऑफिस पीसी बघा, पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर घेऊ नका. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यात जीटीएक्स १६५० सारखं कार्ड बसतं. त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वीजवायरही लागत नाही, म्हणून जुना एसएमपीएस पुरतो. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीस जगभर भडकल्या, तेव्हा घेतानाच पुरेशी रॅम असलेलं मशिन घ्या. सुरुवात कंट्रोलरनं करा. सहा महिने खेळून नाद टिकला तर व्हीलचा विचार करा.

घरात अभ्यासापुरता लॅपटॉप आहे, तुम्ही स्वतः कमावता आणि दमून आल्यावर तासभर गाडी पळवायचीय, तर खुशाल कन्सोल घ्या. डिस्कचा घ्या, यूपीएस लावा, मे महिन्यात दुपारी विश्रांती द्या.

आणि दोन्हीला पैसे नसतील तर कर्जाचे हप्ते काढू नका. जुन्या लॅपटॉपवर 'स्पीड ड्रीम्स' किंवा 'सुपरटक्सकार्ट' फुकट चालतात. नोकरी लागेपर्यंत गेम कुठं पळून जात नाहीत, उलट जुने होऊन स्वस्त होतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरी खोटं बोलू नका. 'अभ्यासासाठी पीसी पाहिजे' हे वाक्य आपल्या घरांत फार मोलाचं आहे. अभ्यास म्हटलं की बाप कापूस विकायला थांबत नाही, आई गळ्यातलं मोडायला मागंपुढं बघत नाही. ते वाक्य गेमसाठी वापरलंत तर पुढच्या वेळी बहिणीला खरोखर अभ्यासासाठी लॅपटॉप लागेल, तेव्हा घरचे आधी शंका घेतील आणि त्याची किंमत ती मोजेल. सरळ सांगा, 'यातले निम्मे खेळासाठी आहेत, निम्मे कामासाठी.' मग कामाचं जे सांगितलंत ते करून दाखवा.

येत्या रविवारी एक कोरा कागद घ्या. मशिनची किंमत, चार वर्षांचे गेम, वर्गणी, यूपीएस, नेट आणि लाइटबिल, एवढं एकाखाली एक लिहा. समोर लिहा की या मशिनवर खेळाशिवाय आणखी काय होणार आहे आणि घरात अजून कोण वापरणार आहे. तो कागद घेऊन वडिलांशेजारी बसा. त्यांना ग्राफिक्स कार्ड कळणार नाही, पण हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो. त्यांनी काय विचारलं आणि शेवटी काय ठरलं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.